तवकिरीचं बाळसं

"पाणी ओतू नको. आधी जिभेर लाव," द्वारकाकाकी म्हणाली, आणि माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांची बोटं एकदम पुढे आली.

घंगाळातलं पाणी वरून पिवळसर दिसत होतं. तळाशी पांढरा थर घट्ट बसला होता. मुलांनी पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि एकेकाचं तोंड वाकडं झालं. कुणी थुंकलं, कुणी फ्रॉकला जीभ पुसली. काकी कमरेवर हात ठेवून हसत उभी होती.

"कडू लागता मा? मगे अजून पाण्या बदलूक होयी. कडू आसा तवसर कोणाच्या पोटात घालूची नाय."

मी त्या गावात नवीन होते. मूळची साताऱ्याकडची. कोकणातल्या त्या वाडीत चौथीपर्यंतची शाळा होती आणि परबांच्या पडवीत मला राहायला खोली मिळाली होती. घरात द्वारकाकाकी, तिची सून सुलोचना आणि सुलोचनाचा सव्वा वर्षाचा मुलगा दिगू, एवढीच माणसं. काकीचा मुलगा वामन गोव्यात खाणीवर ट्रक चालवायचा आणि दोन-तीन महिन्यांनी घरी यायचा.

मुलांना कंद आणि मुळं चित्रावरून शिकवायची मला कधीच गोडी नव्हती. पौषात काकीने तवकीर खणायला काढली, तेव्हा मी अख्खा वर्ग तिच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, नेऊन बसवला. हळदीसारखी पानं सुकून पडलेली, खाली बोटाएवढे गड्डे. ते धुवायचे, खरवडायचे, किसायचे, जुन्या पंच्यातून पाण्यात गाळायचे. रात्रभर ठेवलं की पीठ खाली बसतं आणि कडूपणा वरच्या पाण्यात राहतो. सकाळी वरचं पाणी अलगद ओतायचं, नवं घालायचं, हाताने सगळं ढवळून पुन्हा निवळायला ठेवायचं. जिभेला काहीच लागेनासं झालं की मग उन्हात वाळवायचं. वाळलेली तवकीर बोटांत धरली की करकर वाजते. मुलं ती करकर ऐकायला काकीच्या हाताला कान लावून बसली.

एका मुलीने विचारलं, की एवढं करून हिचा उपयोग काय. काकी खळ्यातच बसली आणि सांगायला लागली. उन्हाळ्यात अंगाची आग होते तेव्हा दुधातून घ्यायची. ताप उतरल्यावर तोंडाला चव नसते तेव्हा पेज करून द्यायची. म्हाताऱ्यांना, दात नसलेल्यांना. उपासाला वड्या. आणि पोरांचं पोट बिघडलं, हगवण लागली, तर तवकिरीसारखं दुसरं काही नाही. पाण्यात शिजवून चिमूटभर मीठ आणि साखर घालून पाजायची, पोट बांधलं जातं. गावातली कितीतरी मुलं या घंगाळावर जगली, हे ती बढाई न मारता सांगत होती आणि ते खरंही होतं. त्या महिन्यात मी स्वतः तिच्या दारात वाटी घेऊन आलेल्या बायका पाहिल्या होत्या. ती कुणाकडून काही घेत नसे.

"काकी, तवकीर खाल्ल्यार परीक्षेत पास होतत?" मागच्या एकाने विचारलं.

"ती वडी तुज्या बाईकडे. माज्याकडे नाय," काकी म्हणाली.

त्या दिवशी मुलं शाळेत परतताना एकमेकांना पिवळ्या पाण्याची चव सांगत होती. माझा तो धडा फार चांगला झाला होता.

मला दिगू आठवतो तो तेव्हाचा. काळासावळा, बारीक, भुंग्यासारखा. एका जागी बसायचा नाही. मुलं खळ्यात होती तेव्हा तो रांगत त्यांच्या पाट्यांपाशी गेला आणि एकाची पेन्सिल तोंडात घातली. सुलोचना धावत आली. काकीने त्याला उचलून कडेवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यो माजो जीव."

त्या शब्दामागे काय आहे ते मला नंतर सुलोचनाने सांगितलं. दिगूच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. आठ महिन्यांचा असताना पावसाळ्यात त्याला हगवण आणि उलटी लागली. वामनने गोव्याहून डब्यातलं दूध आणलेलं होतं आणि ते त्याला पाजत होते. तो गेला. तेव्हापासून काकीच्या मनात पक्कं बसलं होतं, की दुधाने घात केला. आपण वेळेवर तवकीर दिली असती तर पोर वाचलं असतं. दिगूला ती डोळ्यांआड होऊ देत नसे.

माघात सुलोचनाला पुन्हा दिवस गेल्याचं नक्की झालं. पोटात पोर असताना अंगावरचं दूध वरच्या पोराला बाधतं, असं तिकडे मानत. छातीला कडूजार किराईत लावून दिगूचं अंगावरचं दूध एका दिवसात तोडलं. तो कडू तोंडाने रडरड रडला. मग गाईचं दूध सुरू केलं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला हगवण लागली.

त्या रात्री काकी झोपली नाही. सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा ती चुलीपाशी वाटी ढवळत होती. पांढरं पाणी ढवळता ढवळता काचेसारखं होत गेलं. ते तिने फुंकर घालून घोट घोट पाजलं. दिवसभर पाजलं. दुसऱ्या दिवशी दिगूचं पोट थांबलं. तिसऱ्या दिवशी तो हसला. मी इतकी सुखावले, की शाळेत मुलांना सांगितलं, काकीची तवकीर बघितली होती ना, तिने काय केलं ऐका.

मग काकीने पुन्हा थोडं दूध घालून पाहिलं. पोट पुन्हा सैल झालं. तवकीर दिली, पुन्हा बांधलं. वरणाचं पाणी देऊन पाहिलं, तेव्हाही तसंच. यावरून काकीने जो निष्कर्ष काढला, तो कुणीही काढला असता. तिने बाकी सगळं बंद केलं. सकाळी तवकीर, दुपारी तवकीर, संध्याकाळी गूळ घालून तवकीर. दिगूचं पोट पुन्हा बिघडलं नाही.

फाल्गुन संपता संपता त्याने बाळसं धरलं.

गाल वर आले. हातापायांना गुबगुबी आली, मनगटाला वळ्या पडल्या. शेजारच्या बायका येऊन बघून जायच्या, आणि काकी त्या गेल्यावर मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. केसही तांबूस झाले. त्यावरून त्याला सायब म्हणायला लागले. आणि सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे तो रडेनासा झाला. सुलोचना त्याला पडवीच्या कट्ट्यावर बसवून विहिरीवर जायची आणि येईपर्यंत तो तिथेच, तसाच बसलेला असायचा. मी माझ्या खोलीतून त्याला हाक मारायचे, टाळी वाजवायचे. तो माझ्याकडे बघायचा आणि थोड्या वेळाने दुसरीकडे बघायचा.

काकी म्हणायची, "गुणी पोर. माणसाक तरास नाय."

पाडव्याला सुलोचनाचा भाऊ चांदीचे वाळे घेऊन आला. दिगूच्या पायाचं माप तिने हिवाळ्यातच दोऱ्याने घेऊन माहेरी पाठवलं होतं. वाळे पायात जाईनात. मामाने साबण लावला, पाय दाबला, ओढला. सगळे हसत होते. मामा म्हणाला, की ताई, याला काय खायला घालतेस, सोनाराला आता हत्तीचं माप पाठवायला हवं. शेवटी एक वाळा कसाबसा चढला. दिगू रडला नाही. थोड्या वेळाने सुलोचनाने तो काढला. वाळा निघाला, पण त्याची खूण पायावर राहिली. गोल, खोल.

जेवणं झाली, मामा निघून गेला. मी दिगूला मांडीवर घेतलं होतं. खूण अजून तशीच होती.

माझे वडील मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेले. शेवटच्या महिन्यात त्यांच्या पायांना तेल मी लावायचे. अंगठा जिथे टेकायचा तिथे खळगा पडायचा आणि बराच वेळ भरायचा नाही. मी दिगूच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. मऊ पिठात बोट रुतावं तसा खळगा पडला. मी दुसऱ्या पायावर दाबलं. तिथेही पडला. त्याच्या दंडाला हात लावला तेव्हा लक्षात आलं, की पायांना आलेली गुबगुबी दंडाला नाही. वर नुसती सैल कातडी होती.

मी सुलोचनाला हाक मारली आणि तिचा अंगठा त्याच्या पायावर ठेवून दाबायला लावलं. ती बराच वेळ त्या खळग्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने त्याचा पाय झाकला.

काकीशी मीच बोलले. दुसऱ्या दिवशी, ती तांदूळ पाखडत असताना. मी अगदी हळू सांगितलं, की हे बाळसं नाही, ही सूज आहे. त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. तिने सूप खाली ठेवलं.

"सणाच्या दुसऱ्या दिवशी माज्या नातवाक असा बोलतस? दृष्ट लावतस गो?"

"काकी, तवकिरीने त्याचं पोट थांबलं, ते मी पाहिलंय. पण नुसत्या तवकिरीवर मूल वाढत नाही."

"तूच पोरांका घेवन इललस मा बगूक? तेवा तवकीर चांगली व्हती?"

"आजही चांगलीच आहे."

"मगे?"

मुलांना समजावण्यासाठी वापरायचे ते शब्द मी तिला वापरले. म्हटलं, तवकीर म्हणजे चुलीतलं लाकूड आहे. त्याने घरात ऊब राहते, आजारी माणसाला तर फार बरं वाटतं. पण घराची भिंत लाकूड जाळून उभी राहत नाही. तिला माती लागते. दूध, डाळ, अंडं ही माती.

काकीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला वाटतं, ती खरोखर विचार करत होती.

"माती एकदा घातलंय," ती म्हणाली. "भिंत पडली. माका परत नको." आणि तिने सूप उचललं.

पुढचे पंधरा दिवस मी वाट बघितली आणि बोलत राहिले. दिगूच्या मांडीवरची कातडी काळी पडून पापुद्र्यासारखी सुटायला लागली. काकीने खोबरेल लावलं. मग एका सकाळी सुलोचना माझ्या दारात आली, दिगू कडेवर. तिने सासूला सांगितलं होतं, की पोटातलं तपासून येते, बाई सोबत आहेत. मी शाळेत निरोप पाठवला आणि आम्ही एसटीने तालुक्याला गेलो.

सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला कमी. त्यांनी आधी दिगूच्या पायावर अंगठा दाबला, मग केस बघितले, मग विचारलं, काय खातो. सुलोचनाने लाजत पण अभिमानाने सांगितलं, की घरची तवकीर. सासूच्या हातची.

डॉक्टरीणबाईंनी तिला नावं ठेवली नाहीत. त्या म्हणाल्या, तवकिरीत दोष नाही. तिने याचे जुलाब थांबवले असतील. पण तिच्यात पिठाशिवाय जवळजवळ काही नसतं. दोन महिने याच्या अंगाला मांस बांधायला काही मिळालेलं नाही. आईचं दूध तुटलं आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही, म्हणून अंगात पाणी साठलं. तुम्हाला पोर भरलेलं दिसतंय, ते पाणी आहे. याला ठेवून घ्यावं लागेल. दूध अगदी थोडं थोडं देऊन सुरुवात करू, कारण आता त्याचं पोटही ते विसरलंय.

मग त्या सुलोचनाकडे वळून म्हणाल्या, "एक आत्ताच सांगते. सूज उतरेल तेव्हा पोर हाडकुळं दिसेल. ते बघून घाबरायचं नाही. तेच तुमचं खरं पोर. तिथून पुढे ते वाढेल."

सुलोचनाने मान डोलावली.

माझ्या शाळेची वार्षिक परीक्षा सुरू व्हायची होती. मी तिला तिथे ठेवून परत आले आणि काकीला खरं काय ते सांगितलं. ती ओरडली नाही. तिने दिगूचं गोधडीचं दुपटं बाहेर काढलं, त्यात सुलोचनाचं एक लुगडं आणि तवकिरीचा डबा बांधला आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीने गावातल्या एका माणसाबरोबर पाठवून दिलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझं जेवण मात्र वेळेवर पडवीत येत होतं.

रविवारी मी दवाखान्यात गेले. वॉर्डच्या दारातच मला रडणं ऐकू आलं. दिगू रडत होता. कितीतरी आठवड्यांनी मी त्याचा आवाज ऐकत होते. नर्स हसून म्हणाली, की काल रात्रीपासून सगळ्यांना जागं ठेवलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रडतोय म्हणजे सुधारतोय, आता त्याला भूक कळायला लागली. मी केळं नेलं होतं. त्यातला एक बारीक घास दिल्यावर त्याने माझं बोटही चावलं. मला इतका आनंद झाला, की मी ते बोट सुलोचनाला दाखवलं.

सुलोचना मात्र दिगूकडेच बघत होती. सूज बरीचशी उतरली होती. चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा झाला होता, गाल आत, डोळे मोठे. बरगड्या एकेक दिसत होत्या. मांडीवरची कातडी मोठ्या माणसाची विजार घातल्यासारखी लोंबत होती. ती त्याच्या अंगावरून हात फिरवत होती आणि मध्येच थांबत होती.

"बाई, ह्यो आमचोच मा?" तिने विचारलं.

मी तिला डॉक्टरीणबाईंचं बोलणं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, होय, आठवतंय. मी संध्याकाळच्या गाडीने परतले. पेपर तपासायचे होते.

त्याच आठवड्यात वामन रजेवर आला. मी शाळेत असताना तो काकीला घेऊन परस्पर तालुक्याला गेला. चार वाजता मी घरी आले तेव्हा पडवीच्या कट्ट्यावर काकी बसली होती आणि दिगू तिच्या मांडीवर होता. चुलीवर पातेलं होतं. वास गुळाचा होता.

मी पायरीवरच उभी राहिले. सुलोचना स्वयंपाकघरात पाठ करून बसली होती.

वामन बाहेर आला. तो सभ्य माणूस होता, माझ्याशी नेहमी अदबीने बोलायचा. मी त्याला सांगत राहिले, की पोर सुधारत होतं, अजून दोन आठवडे ठेवायला हवं होतं, डॉक्टरांनी सोडलं कसं. तो म्हणाला, की सोडत नव्हत्या. आम्हीच सही करून आणलं. मी लाकूड आणि मातीचंही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाई," तो म्हणाला, "घरातसून न्हेलास तेवा पोर भरलेला व्हता. आठ दिवसांत तेची हाडा वर इली. माका लिवक-वाचूक फारसा येत नाय. पण हाडा दिसतत."

मला यावर उत्तर होतं. तेच उत्तर मी आधी तीनदा दिलं होतं. चौथ्यांदा दिलं. तो म्हणाला, "तुमी वायट नाय. पण आता पुरे."

शाळेला सुट्टी लागली तरी मी गावी गेले नाही. तालुक्याला जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा घेऊन या, कसंही करून आणा, इथून मी काही करू शकत नाही. मी येऊन वामनच्या हातापाया पडले. रजा संपवून तो गोव्याला गेला. काकी विहिरीवर गेली की मी आणि सुलोचना दिगूला चमच्याने दूध पाजायचो. दोनदा पचलं. तिसऱ्यांदा त्याला जुलाब झाले, काकीला वास आला, आणि त्यानंतर तिने विहिरीवर जाणं सोडलं. पाणी पुन्हा सुलोचना आणू लागली, सहाव्या महिन्याचं पोट घेऊन.

आणि दिगू पुन्हा भरायला लागला.

आधी पाय. मग पापण्या. मग गाल. काकीच्या चेहऱ्यावर मी महिनाभरात पहिल्यांदा हसू बघितलं. ती वाडीतल्या बायकांना बोलावून दाखवत होती. हास्पिटलातून आणला तेव्हा काडी होती, आता बघा. बायका बघत होत्या आणि बरं झालं म्हणत होत्या. दिगूचं रडणं थांबलं होतं. मी समोर बसून त्याच्या पुढ्यात टाळी वाजवली. तो आता आवाजाकडेही वळत नव्हता.

वैशाखाच्या शेवटी एका दुपारी काकी त्याला मांडीवर घेऊन सुपाने वारा घालत होती. मी पडवीत होते. बराच वेळ सुपाचा आवाज येत राहिला. सुलोचना त्याला तवकीर भरवायला वाटी घेऊन आली, वाकली, आणि तिने वाटी जमिनीवर ठेवली. काकीला कळलं नव्हतं. ती वारा घालत होती. तिला वाटलं होतं, झोपलाय.

बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले तेव्हा सुलोचना एकटीच होती. तिने कळशी भरून काठावर ठेवली, पण उचलली नाही. मग तिनेच सुरुवात केली, विहिरीत बघत.

"थय हास्पिटलात आमच्या ह्यांनी तेका बगल्यानी आणि गप रवले. सासू रडाक लागली. डाक्टरीण सांगी, नेव नको, नेव नको. माका तिचा सगळा समाजला व्हता, बाई. कानांका समाजला. डोळ्यांका पटला नाय. तेका खाटीवरसून उचललो तो मीच. त्यांनी हात नाय लावल्यानी."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मी म्हटलं, की काकीशी मी आता एकदा नीट बोलते. निदान पुढच्यासाठी.

"नको," ती म्हणाली. "तिका कळला तर ती जगाची नाय. आणि मगे ती माका विचारतली, तुका म्हायत व्हता तर तू कित्याक उचललस. माका तिच्याच घरात रवचा आसा."

"आणि हे?" मी तिच्या पोटाकडे बघितलं.

तिने कळशी कमरेवर घेतली आणि ती गेली.

त्याच दिवशी दुपारी काकीने मला घरात बोलावलं. ती भिंतीला टेकून बसली होती. इतक्या दिवसांत ती खूप लहान दिसायला लागली होती. तिने मला पाणी दिलं, बस म्हणाली. आत सुलोचना काहीतरी वाटत होती, पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज येत होता. मग तिने माझा हात धरला.

"तू शिकलेली. माका एक सांग. हास्पिटलातून आणलो तेवा कसो व्हतो तो? हाडा नुसती. मी तेका रातदीस भरवलंय. मांडयेरसून खाली ठेवक नाय." तिचा आवाज फुटला नाही, फक्त बारीक झाला. "माज्या हातात होता तेवडा मी केलंय. जाताना भरलेलो गेलो मा माजो दिगू?"

माझ्याजवळ सगळी वाक्यं तयार होती. कितीही वेळा विचारलं तरी न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, हे माझं काम. आयुष्यभर मी तेच केलं आहे. मी तोंड उघडलं. आतला वरवंटा थांबला होता. सुलोचना उंबऱ्यावर येऊन उभी होती, एक हात पोटाखाली. तिने माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. एकदाच, हळू.

"होय काकी," मी म्हटलं. "भरलेला गेला."

काकीने डोळे मिटले. दोन्ही हातांनी माझा हात कपाळाला लावला. मग तिने डोळे पुसले, उंबऱ्याकडे वळून सुनेला म्हणाली,

"ऐकलस मा? बाई पण तसाच म्हणतत."

सुलोचना आत गेली. थोड्या वेळाने वरवंट्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.